पाटीवर कोणाचे नाव?

दसऱ्याला महिना-दीड महिना होता. कोर्ट सुटल्यावर आम्ही कचेरीत बसलो असताना दोन भगिनी आल्या. एक आपल्याच वस्तीतली, एम. कॉम. झालेली, एका पतसंस्थेत तीन वर्षे कारकुनी केलेली. दुसरी चर्मकार समाजातली. शिक्षण नववीपर्यंतचे, पण कोल्हापुरी चपलेची वेणी घालण्यात तिचा हात असा की बाजारातले मोठे दुकानदार तिच्या सासऱ्याकडे माल टाकताना वेणी सूनबाईंनीच घालायची असे बजावून सांगतात. दोघींना मिळून कोल्हापुरी चपलांचे छोटे दुकान काढायचे होते. आमच्याकडे काम एवढेच होते की, "भाऊ, जागेचा करारनामा तेवढा वाचून द्या."

करारनामा दोन पानांचा होता, पण बोलणे रात्री नऊपर्यंत चालले. कारण अडचण करारनाम्यात नव्हतीच. अडचण दोघींच्या घरात होती.

आपल्या भगिनीची आजी ऐंशीच्या घरातली. नात चपलांचे दुकान काढणार हे कानावर येताच म्हातारी कडाडली, "आमी मेलेलं ढोर वढायचं सोडलं, आन् तू चामडं इकाया निगालीस व्हय?" तिकडे दुसरीचे सासरे म्हणाले, हात आपला, हत्यार आपले, कसब आपले, मग भागीदार कशाला? आणि तोही जयभीमवाला?

वाचकहो, ह्या दोन प्रश्नांना चळवळीने सरळ उत्तर दिले पाहिजे. आम्ही सभांमधून "नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा" असे सांगतो आणि टाळ्या घेतो. पण आपली एखादी मुलगी खरोखरच दुकान काढायला निघाली की तिला दोन्हीकडून बोल ऐकावे लागतात.

आजीचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडा असे सांगितले आणि गावोगावच्या आपल्या माणसांनी ते सोडले. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसले, उपाशी राहिले. ती आजी त्या लढ्याच्या पुढच्या पिढीतली. पण बाबासाहेबांचा विरोध चामड्याला होता की जन्माने लादलेल्या चामड्याच्या कामाला? १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' ह्या भाषणात त्यांनी मांडले ते हेच की, जात म्हणजे नुसती श्रमांची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे. धंदा निवडण्याची मुभाच ती माणसाला ठेवत नाही. मग ज्या मुलीच्या जातीचा हा धंदाच नव्हता, ती हिशेब मांडून, पसंतीने त्यात उतरते आणि दुसऱ्या जातीच्या कारागिणीला नोकर न ठेवता भागीदार करते, तेव्हा ती जातीचा धंदा चालवते की मोडते? आमच्या मते मोडते. आजींना आम्ही हे घरी जाऊन सांगितले. पटले असे म्हणवत नाही, पण त्यांनी चहा दिला.

सासऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्यालाच टोचणारे आहे. चर्मकार, ढोर, मातंग, बुरूड ह्या समाजांशी आपला व्यवहार निवडणुकीपुरता आणि जयंतीच्या वर्गणीपुरता राहिला. त्यांच्या हातच्या मालाचे आपण कधी नीट गिऱ्हाईकसुद्धा झालो नाही. मॉलमध्ये छापील किमतीला मान तुकवणारा आपला साहेब रस्त्याकडेच्या गटई स्टॉलवर पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. असा माणूस भागीदारीचा हात पुढे करतो तेव्हा समोरचा संशय घेणारच.

दुकान ही गोष्ट आपल्या इतिहासाला नवी नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. महात्मा फुले ठेकेदार होते. अमेरिका आणि लंडनहून परतल्यावर १९१७-१८ च्या सुमारास बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्स आणि रोख्यांसंबंधी सल्ला देणारी पेढी काढली होती. अर्थशास्त्रातला एवढा मोठा पंडित सल्ला द्यायला बसलेला. गिऱ्हाईक येऊ लागले, आणि सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच यायचे बंद झाले. पेढी गुंडाळावी लागली. ज्ञान कमी नव्हते, पाटीवरचे नाव आड आले.

आणि कोल्हापूरचा तर ह्याहून वेगळा इतिहास आहे. संस्थानच्या चाकरीतल्या गंगाराम कांबळेंनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामला स्वतःचा धंदा काढायला लावला. त्यातून 'सत्यसुधारक' हे चहाचे हॉटेल उभे राहिले. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही तो घ्यावा लागला. ह्यातला तपशील नीट पाहा. भांडवल दिल्याने हॉटेल निघाले, पण चालले ते गिऱ्हाईक बसल्यावर. आज आपल्याकडे भांडवलाच्या योजना पुष्कळ आहेत, गाडी थांबवणारा महाराज नाही. ते काम आपल्या खिशातल्या पैशाने आपल्यालाच करायचे आहे.

आता कोणी म्हणेल, कोल्हापुरी चपलेत आता राहिले काय? त्याचे उत्तर इटलीहून आले. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा ह्या बड्या कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी वळणाच्या चपला मिरवल्या, आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाली तेव्हा कंपनीने कबूल केले की प्रेरणा भारतीय कारागिरांची. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ती जुलैमध्ये फेटाळली गेली. कारण कायद्याचे होते. 'कोल्हापुरी चप्पल' ह्या नावाला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि ते दोन सरकारी महामंडळांच्या नावे आहे, महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे लिडकर. दाद मागायची तर नोंदणीधारकाने मागावी, तिऱ्हाइताने नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. डिसेंबर २०२५ मध्ये ह्याच दोन महामंडळांनी प्राडाशी करार केला. २,००० जोड इथे तयार व्हायचे आणि जगभर विकायचे ठरले. जाहीर झालेली किंमत जोडाला सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांच्या पुढे. वेणी घालणाऱ्या बाईला जोडामागे काय मिळते ते तिला विचारा, आम्ही इथे लिहीत नाही. लिहिताना लाज वाटते.

ह्या करारावर आपल्यात दोन मते आहेत. आम्ही त्याला नुसता विरोध करत नाही. पण एक विचारतो: मानांकन महामंडळाच्या नावावर, ब्रँड इटलीच्या नावावर, दुकान व्यापाऱ्याच्या नावावर. मग कारागिराच्या नावावर काय? आजवर तरी उचल. व्यापारी सणासुदीला, लग्नाकार्याला उचल देतो आणि ती फिटेपर्यंत माल त्याच्याच भावाने त्यालाच घालावा लागतो. ह्या साखळीची एक कडी तरी तुटायची असेल तर कारागिराच्या घरातून थेट गिऱ्हाइकाच्या पायात माल गेला पाहिजे. म्हणजे दुकान पाहिजे, मग ते आठ बाय दहाचे का असेना.

हे सांगताना आम्ही आमचीही गोष्ट लपवत नाही. २००६ साली वकिलीची सनद नुकतीच हातात पडली होती. वस्तीतल्या सहा तरुणांना जमवून आम्ही हस्तकलेच्या वस्तूंचे दुकान काढले. उद्घाटनाला पुढारी आणले, मंडप घातला, बँडही होता. पहिल्या महिन्यात निम्मा माल उधारीवर गेला, कारण घेणारे सगळे 'आपलेच'. उधारी लिहायची वही होती, वसुलीला कोणी नव्हते. सात महिन्यांत कुलूप लागले आणि जामीन म्हणून सही आमची असल्याने बँकेचे हप्ते आम्ही पुढे तीन वर्षे भरले. दोष ना बँकेचा ना मनुवाद्यांचा. दोष आमचा. आम्ही सभा भरवायला शिकलो होतो, रोकड मोजायला नाही. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन धंद्यात, आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी. वंदनेला रोज बसणारे आम्ही, ते सुत्त त्या वेळी वाचलेले नव्हते.

म्हणून त्या रात्री आम्ही दोघींना पहिले सांगितले ते हे की, दुकान आत्ता काढू नका. आधी माल विका. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपल्याच माणसांचे शेकडो स्टॉल लागतात. पुस्तके, कॅलेंडरे, बुद्धमूर्ती, निळे फेटे. चळवळीचा हा बाजार दुसऱ्या कुणी आपल्याला शिकवला नाही. सतरंजीवर चाळीस जोड मांडा. कोणते माप आधी संपते, कोणत्या किमतीला माणूस जोड खाली ठेवतो, हे दोन दिवसांत कळेल.

चपलेच्या धंद्यात पैसा अडकतो तो मापात. साडी एक तर एकच. चपलेचा एक प्रकार म्हणजे पुरुषांची सहा ते दहा अशी पाच मापे आणि बायकांची चार ते आठ अशी पाच. चार प्रकार ठेवले आणि प्रत्येक मापाचे दोनच जोड म्हटले तरी ऐंशी जोड झाले. समजा जोडाला लागत ७०० रुपये, तर ५६,००० रुपये नुसते फळीवर. आणि नेमका गिऱ्हाइकाला हवा तो आठ नंबर संपलेला! दोघींनी ह्यावर युक्ती काढली ती आम्हाला सुचली नसती. दुकानात दोनच प्रकार भरपूर ठेवायचे. बाकीचे, कापशी असो की आणखी कुठले वळण, नमुन्याला एकेक. गिऱ्हाइकाने कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिलीने माप काढायचे, अर्धे पैसे आगाऊ घ्यायचे आणि आठवड्याने जोड द्यायचा. कारागीर घरातच असल्याचा हा फायदा व्यापाऱ्याला नाही.

दुसरे पावसाचे. कोल्हापुरी हे उन्हाळ्या-हिवाळ्याचे पायताण. पाण्यात कातडे फुगते, दमट हवेत बुरशी धरते. जून ते सप्टेंबर विक्री जवळपास बंद, भाडे मात्र चालू. महिना ६,००० भाडे म्हणजे वर्षाला ७२,००० आणि ते काढायचे आठ महिन्यांत, म्हणजे महिना ९,०००. जोडामागे २०० रुपये सुटत असतील तर महिन्याला ४५ जोड विकल्यावर फक्त भाडे निघते. वीज, पिशव्या, येणे-जाणे आणि दोघींचे पोट त्यानंतर. हे गणित कागदावर मांडले तेव्हा आपली एम. कॉम. भगिनी गप्प झाली आणि नववी शिकलेली म्हणाली, "मग पावसाळ्यात पट्टे आणि पाकिटं करू. आरी-रापी तीच लागती." शिवाय किंमत ७०० वर २०० धरताना वेणीची मजुरी लागतीत धरलीच नव्हती. घरची बाई करते म्हणून फुकट! तिथेच आम्ही हिशेब पुन्हा मांडायला लावला.

आता कायद्याचे. जागेचा करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकांना हे सांगून पाहा, नोंदणीला तयार होतात. मुदत तीन वर्षांची मागा. दुकान नावारूपाला येते आणि अकराव्या महिन्यात भाडे दुप्पट होते, अशी प्रकरणे आमच्या फडताळात पुष्कळ आहेत.

दोन-तीन माणसांच्या दुकानाला दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे. त्यासाठी दीड-दोन हजार घेणारा एजंट तुम्हाला लुबाडतो आहे. राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी नको. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर दर ५ टक्के आहे, त्यामुळे कातडी घेताना पक्की पावती मागा. मालावर मानांकनाची खूण हवी असेल तर भौगोलिक मानांकन कायद्याच्या कलम १७ खाली 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करावी लागते. मोठ्या दुकानाला माल घातला आणि त्याने पैसे लांबवले, तर उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पुढे चक्रवाढ व्याज चढते, तेही रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट. आणि भागीदारीपत्र करून नुसते कपाटात ठेवू नका. भागीदारी संस्था नोंदलेली नसेल तर तिला बुडव्या गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. ह्या दोघींच्या पत्रात आम्ही एक कलम मुद्दाम घातले: वेणीची मजुरी नफ्याच्या वाटणीआधी, जोडामागे, रोख.

कर्जाचे म्हणाल तर महात्मा फुले महामंडळाची बीज भांडवल योजना आहे. तिच्यात बँकेचा वाटा ७५ टक्के, महामंडळाचा २० आणि अर्जदाराचा ५. घोडे अडते ते ७५ टक्क्यांपाशी. शाखाधिकारी तारण मागतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तोंडी नकार ऐकून परतू नका, नकार लेखी मागा. २०२३ ची पीएम विश्वकर्मा योजना १८ कारागिरी धंद्यांना ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाख बिनतारण कर्ज देते, १५,००० रुपयांची हत्यारेही देते. चर्मकार तिच्यात आहेत. पिढीजात धंदा पुढे चालवा असा जो सूर तिच्यात आहे तो आम्हाला मान्य नाही. तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ह्याच कारणाने ती नाकारली होती. पण कर्ज हा हक्क आहे. पैसे घ्या, सूर सोडा.

आता मूळ गोष्ट. ज्या करारनाम्यासाठी त्या आल्या होत्या तो झालाच नाही. जागा आधी फोनवर ठरली होती. अनामत रक्कम किती तेही ठरले. करारनाम्याचा मसुदाही मालकानेच पाठवला. नोंदणीसाठी आधार कार्डाच्या प्रती गेल्या, त्यावरची आडनावे वाचली गेली आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की, पुतण्यालाच जागा लागते आहे. महिनाभर तो गाळा रिकामाच होता. आम्ही येता-जाता पाहत होतो.

तुम्ही वकील, मग नोटीस का नाही काढली, असे कोणीही विचारील. संविधानाचा अनुच्छेद १७ आहे, १५(२) आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खुलासा केला होता की, 'दुकान' हा शब्द इथे व्यापक अर्थाने आहे. अटी मान्य करून जिथे सेवा मिळते ते सगळे त्यात येते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणाने धंदा करण्यास आडकाठी हा गुन्हा आहे. आर्थिक बहिष्कार ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने नेमकेपणाने आला. सगळे खरे. पण 'पुतण्याला जागा हवी' ह्या वाक्यात जात कुठे सिद्ध करणार? दोघींना विचारले. दोघी म्हणाल्या, "भाऊ, आम्हाला केस नको, दुकान पाहिजे." आम्ही नोटीस काढली नाही. बरोबर केले की चूक, ह्यावर आमचे आम्हालाच अजून उत्तर सापडलेले नाही.

जागा दुसरीकडे मिळाली. रस्ता आतला, मालक एक निवृत्त मुस्लिम शिक्षक, करार तीन वर्षांचा आणि नोंदवलेला. मग निघाला पाटीचा प्रश्न. मराठीत पाटी हा आता छोट्या दुकानांनाही २०२२ च्या दुरुस्तीने कायदाच आहे, त्यामुळे लिपीवर वाद नव्हता. वाद नावावर होता. हितचिंतक सांगू लागले, काहीतरी गोड नाव ठेवा, आडनाव कशाला? गल्ल्यामागे बाबासाहेबांचा फोटो घरी लावा, दुकानात गिऱ्हाईक तुटेल. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एक पेढी नावापायी बुडाली, हे आम्हीच त्यांना सांगितले होते, त्यामुळे आम्हीही क्षणभर अडखळलो. निर्णय त्यांनी घेतला. पाटीवर दोघींची नावे, पूर्ण, आडनावांसकट, आणि खाली 'वेणी व शिलाई आमच्या हातची'. फोटो गल्ल्यामागे आहे. बाबासाहेबांचा, आणि शेजारी संत रोहिदासांचा.

फोटो पाहून मागे फिरलेले गिऱ्हाईक झाले, ते त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे. फोटो पाहून आत आलेलेही झाले, तेही लिहिले आहे. उधारीचे पान वहीत नाही. आपल्यातल्याच एका कार्यकर्त्याला जोड उधार दिला नाही म्हणून तो रुसला आहे, आम्हालाही बोलेनासा झाला आहे.

पावसाळ्याच्या चार महिन्यांचे भाडे बाजूला काढायचे ठरले होते. मे अखेर तीन महिन्यांचे जमले. चौथ्याचे अजून जमायचे आहे. पट्टे आणि पाकिटे फळीवर मांडून झाली आहेत.